गिटार, एक नग, रंग तपकिरी

ऋजुतानं आयुष्यात लेखी खोटं एकदाच लिहिलं, आणि तेही निळ्या बॉलपेननं, कॅपिटल अक्षरांत, कारण फॉर्मवर तशी सूचना होती.

फॉर्म नर्सरीच्या प्रवेशाचा. चंडीगढमध्ये मूल बोलायला लागण्याआधी त्याच्या शाळेबद्दल शेजारी बोलायला लागतात. चिन्मयी जेमतेम अडीच वर्षांची असताना खालच्या मजल्यावरच्या मिसेस ब्रार जिन्यात भेटल्या की पहिला प्रश्न, "फॉर्म भर दिये, पुत्तर?" भरले नसतील तर त्या अशा काही उसासायच्या, की चिनूनं रिकाम्या जिन्यात जन्म काढावा. तर त्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना होता: 'शाळेच्या उपक्रमांना पालक कोणता हातभार लावू शकतील?' खाली दोन ओळी. आई. वडील.

आता लक्ष ठेवणं हा ऋजुताचा स्वभावच. गॅस, दाराची कडी, चिनूच्या तोंडात नुकतंच काय गेलं, या सगळ्यावर तिचं लक्ष असतं. त्यामुळे शाळेच्या रांगेत पुढच्या बाईंनी काय लिहिलं हे तिला खांद्यावरून दिसलंच. 'कथ्थक, तेरा वर्षे.' मागचे बन्सल नावाचे गृहस्थ 'पक्षितज्ज्ञ' लिहीत होते, आणि एवढ्या ठासून की कागदाला पलीकडून उठाव आला. ऋजुता सांगलीची, सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. शाळेला हातभार म्हणून ती फार तर मुलांच्या नखांखाली काय काय नांदतं हे सांगू शकली असती. तिनं घाम पुसला आणि लिहिलं: 'गिटार (अकूस्टिक), लोकगीते.'

अगदीच निराधार नव्हतं ते. कॉलेजात असताना तिनं तीन महिने गिटारचा क्लास केला होता. गिटार मैत्रिणीची, ज्ञानदाची. कॉर्ड्समध्ये सी आला, जी आला, ए मायनरही आला. मग एफ आला. एफ म्हणजे एकाच बोटानं सहाच्या सहा तारा दाबून धरायच्या आणि उरलेल्या बोटांनी वर आणखी काहीतरी करायचं. एफ आला आणि क्लास सुटला.

'वडील' पुढची ओळ परीक्षितनं स्वतः भरली. परीक्षित केंद्र सरकारच्या भूजल खात्यात शास्त्रज्ञ. जमिनीखाली दोनशे फुटांवर काय चाललंय ते तो झोपेतही सांगेल. जमिनीच्या वरचं बहुतेक सगळं त्यानं बायकोवर सोडलेलं. त्यानं काय लिहिलं ते, स्वतःच्याच ओळीवरून नजर हटत नसल्यामुळे, ऋजुतानं वाचलं नाही.

चिनूला प्रवेश मिळाला.

"ड्रॉ होता अगं," परीक्षित म्हणाला, "सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उचलल्या."

"उचलल्या सगळ्यांसमोर. घातल्या कुणी?" ऋजुता म्हणाली. "फॉर्म घेताना सेठी मॅडम माझ्याकडे बघून हसल्या होत्या. गिटारकडे बघून हसल्या त्या."

वर्षभर काही झालं नाही. मग फेब्रुवारीत शाळेची सूचना आली: मार्चच्या दुसऱ्या शनिवारी नर्सरी-बीचा निसर्गदिन, शहराबाहेरच्या जंगलात. श्री. बन्सल पक्षी दाखवतील. हिमानी मॅम मुलांकडून हस्तकला करून घेतील. शेवटी झाडाखाली गिटारवादन: चिन्मयीची आई. वाद्य बसच्या सीटखाली मावेल असं, तीन फुटांच्या आत असावं. जंगलात नेण्याच्या सामानाचा परवाना ज्याचा त्यानं काढावा.

ऋजुतानं हिशेब मांडला. गिटार वाजली नाही तर फॉर्म खोटा. फॉर्म खोटा तर प्रवेश खोटा. आणि प्रवेश रद्द झालेल्या मुलीला या शहरात दुसरी कुठली शाळा दारात उभी करणार? चिनू मात्र खूश होती. "मम्मा का गिटार जंगल में जायेगा!" असं तिनं जिन्यात जाहीर केलं. ऋजुता घरात मराठीशिवाय बोलत नसे आणि चिनू हिंदीशिवाय उत्तर देत नसे. दोघींचं उत्तम चाललं होतं.

"घेऊ की गिटार," परीक्षित म्हणाला. "पण आधी परवाना."

"अरे, वस्तूच नाही तर परवाना कशाचा?"

"आधी कागद, मग वस्तू. वस्तू केव्हाही मिळते." केंद्र सरकारी घरांमधला हा धर्म आहे. या धर्मानुसार त्यांच्याकडे कुंडीच्या आधी कुंडीचं हमीपत्र आलं होतं. ऋजुता परवान्याच्या खिडकीवर गेली.

खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "अकूस्टिक गिटार. बिजली की नहीं है?"

"नहीं."

"बैटरी?"

"नहीं जी."

"तो चलती किस पे है?"

"हाथ पे," ऋजुता म्हणाली. त्यांनी 'हस्तचलित' असं लिहिलं. आता गिटारीची गणना हातपंपात झाली, हे भूजलवाल्याच्या बायकोच्या लगेच लक्षात आलं.

"लंबाई?"

तीन फूट म्हणजे छत्तीस इंच. ऋजुता कुठल्याही मर्यादेच्या अलीकडे थोडं हाताशी ठेवते. औषधाच्या मुदतीतही ती दोन महिने ठेवते. "चौंतीस इंच," ती म्हणाली.

"रंग?"

गिटारीला असतो तोच. "भूरा."

तीन शिक्के बसले. गिटार, एक नग, हस्तचलित, लांबी चौतीस इंच, रंग तपकिरी. जगात अजून नसलेल्या त्या वाद्याची कागदोपत्री सगळी सोय झाली.

खरेदीला सुनंदाकाकू आल्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, कर्नलकाकांबरोबर चंडीमंदिरच्या छावणीत. गणपतीच्या वर्गणीत ओळख झाली तेव्हापासून ऋजुताला त्यांनी आपल्या अखत्यारीत घेतलेलं. पर्समध्ये कायम मोजपट्टी.

"सोळा पोस्टिंगं झाली माझी," गाडीतून उतरतानाच त्या म्हणाल्या. "एक सांगते. जी वस्तू काळ्या ट्रंकेत बसत नाही ती आपली नाही. सोफा, माणसं, काहीही असो."

सेक्टर बावीसमधल्या दुकानाचे मालक गुरनाम सिंग. पांढरी दाढी, कानाशी पेन्सिल. त्यांनी विचारलं, "ट्रॅव्हल के लिये चाहिये जी, या आउटडोर के लिये?"

"दोनों में क्या फर्क है?"

"ट्रॅव्हल वाली आसानी से टूटती नहीं. आउटडोर वाली टूट जाये तो रोना नहीं आता."

ऋजुतानं वहीत लिहून घेतलं. मग गुरनाम सिंगांनी एकेक गिटार उतरवली. ही एकसंध लाकडाची. आवाज मधासारखा, पण ऊन लागलं की तडा जाणार, हवा कोरडी पडली की तडा जाणार, गाडीत विसरलात तर तडा जाणार. ("माझ्या नणदेसारखी आहे," काकू म्हणाल्या.) ही प्लायची, आवाज जरा बोदा, पण उन्हातान्हात टिकणारी. ही स्टीलच्या तारांची, बोटं सोलते. ही नायलॉनची, नवशिक्यांना बरी. ही कार्बनची, हिला पावसात ठेवा, न्हाणीघरात टांगा. आणि ही मान मोडून पिशवीत बसणारी.

मान मोडणारी गिटार बघून काकूंचा जीव तिच्यावर जडला. "बघ, ट्रंकेत घालून वर प्रेशर कुकर राहील!" पण मान सरळ केली की ती सदतीस इंच भरत होती. काकूंनी तीनदा मोजलं, दर वेळी थोड्या जास्त आशेनं.

"ये छोटी वाली ले लो जी," गुरनाम सिंगांनी युकुलेले पुढे केली. "चार तार, झंझट कम."

ऋजुताला मोह झाला. चार तारांत एफसुद्धा एवढा छळणार नाही. पण परवान्यावर गिटार लिहिलं होतं, आणि फॉर्मवरही. "नको," काकूच म्हणाल्या. "ही पाव किलो गिटार. मोठी मागितली की मोठी घ्यायची."

ऋजुताचे प्रश्न वेगळेच होते. खुंट्यांपाशी तारांची टोकं बाहेर येतात, ती डोळ्यात गेली तर? टेबलाच्या कोपऱ्यांना लावायची रबरी टोपणं तिच्या पर्समध्ये असतातच. तिनं ती बसवून पाहिली. मग आवाज खाली आणून तिनं मुख्य प्रश्न विचारला.

"भैय्याजी, इसको चाटा तो चलेगा?"

गुरनाम सिंगांनी दाढीवरून हात फिरवला. चाळीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न पहिलाच असावा. "मॅडमजी, चाटनी है या बजानी है?"

"बजानी मुझे है. चाटनी इसको है."

खाली चिनू एका तबल्याची चव घेत होती. गुरनाम सिंगांनी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. "हां जी, एक कस्टमर पूछ रही है, पॉलिश खाने वाली है या लगाने वाली?" पलीकडून काहीतरी आलं, ते गुरनाम सिंगांनी भाषांतर न करता गिळलं आणि म्हणाले, "थोडी बहुत चलेगी."

आता बाहेरची परीक्षा. बंद दुकानात कुठलीही गिटार गोड वाजते असं ऋजुतानं इंटरनेटवर वाचलं होतं, म्हणून दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये उभं राहून ती सी वाजवू लागली. काकू वीस पावलांवर जाऊन ओरडत होत्या, "नाही येत ऐकू! आणखी लाव!" एक बाई स्कूटर थांबवून बघत राहिल्या. मग जवळ आल्या.

"जी, आप लोग जगराता करते हो?"

"काय?" ऋजुताच्या तोंडून मराठीच निघालं.

"हमारे यहां चौदह को माता का जगराता है, सारी रात भजन. आपकी पार्टी में कितने बंदे हैं?"

"तीन," चिनूनं सांगितलं.

त्या बाईंनी काकूंकडे निरखून पाहिलं. "ये आंटी ढोलक पे हैं?" कर्नलच्या पत्नी सुनंदाकाकू, ज्यांच्यासाठी छावणीच्या दारात सलाम झडतात, त्यांनी मोजपट्टी पर्समध्ये टाकली. मग म्हणाल्या, "ऋजुता, आत चल. कुठलीही घे आणि चल."

कुठलीही घ्यायची सोय नव्हती. प्लायची, नायलॉनच्या तारांची, पाठीवर टाकायच्या पिशवीसकट, चाटायला फारशी धोक्याची नाही आणि बरोबर चौतीस इंच, अशी त्या दुकानात एकच गिटार होती. ती आकाशी निळी होती.

"भूरी अंबाले से आ जायेगी," गुरनाम सिंग म्हणाले. "बीस दिन."

निसर्गदिन दहा दिवसांवर होता. ऋजुतानं परीक्षितला फोन केला. "दुरुस्ती करून मिळेल का रे परवान्यात?"

"मिळेल. आधी जुना रद्द करायचा, का रद्द केला ते कळवायचं, मग नवीन अर्ज. पंधरा दिवस." तो जरा थांबला. "लांबी किती?"

"चौतीस."

"मग घे. लांबी बदलता येत नाही. रंग बदलता येतो." शास्त्रज्ञ माणूस, त्याच्या आवाजातला शांतपणा ऐकून तिनं गिटार घेतली.

रंग बदलण्याबाबत सगळ्यांनी मदत केली. काकूंनी पोस्टिंगच्या ट्रंका रंगवायचा डबा पाठवला, पण तो काळा होता, आणि ट्रंका रंगवणारा गडी सवयीनं वर कर्नलकाकांचं नाव आणि हुद्दा घालतो असं कळलं. मिसेस ब्रार वाटीभर सरसोंचं तेल घेऊन वर आल्या. "लकडी प्यासी होती है पुत्तर. तेल पिलाओ, आप ही भूरी हो जायेगी." ऋजुतानं हे प्लाय आहे असं सांगून पाहिलं. "प्लाय भी तो कभी पेड़ था," मिसेस ब्रार म्हणाल्या, आणि वाटी ठेवून गेल्या. परीक्षितनं तेवढ्यात ऑफिसातून आर्द्रतामापक आणून गिटारीच्या पोटात सोडला आणि भिंतीवर तक्ता लावला. चिनूचा उंचीचा तक्ता होता त्याच्याच शेजारी. मुलगी महिन्याला पाव इंच वाढत होती आणि गिटारीची आर्द्रता बेचाळीस टक्के होती. दोघींची तब्येत ठीक.

वाजवण्याचं मात्र तसं नव्हतं. त्यांचं क्वार्टर सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडच्या मागे. ऋजुता बाल्कनीत बसून सराव करी तेव्हा पलीकडून कंडक्टरांची "शिमला, शिमला, सोलन, शिमला" अशी हाळी येई, आणि त्याच तालावर तिनं एक गाणं जुळवलं. झाडावर कोण, झाडावर कोण, खार गं खार. सी, जी, ए मायनर. आणि चौथ्या जागी एफ. एफला दुसरा इलाज नव्हता. तिथं दुसरं काहीही वाजवलं तरी गाणं जिन्यावरून पडल्यासारखं वाटे. पहिलं बोट आडवं, मग दुसरं, मग अंगठा मागून. तोवर तीन-चार सेकंदं शुकशुकाट.

त्या शुकशुकाटात चिनू टाळ्या वाजवायची. गाणं संपलं असं तिला वाटायचं. "अगं, संपलं नाही अजून," ऋजुता दर वेळी कळवळून सांगायची, आणि चिनू दर वेळी "अच्छा" म्हणून पुढच्या एफला पुन्हा वाजवायची. आई म्हणून ऋजुताला भरून यायचं. कलावंत म्हणून वाटायचं, भिंतीवर डोकं आपटावं. पण तिथं आर्द्रतेचा तक्ता होता.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गिटार निळीच होती. मग परीक्षित कपाटाकडे गेला आणि खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आला. वह्यांना घालायचा. चिनूला अजून वह्याच नव्हत्या, पण कागद आधी आणून ठेवलेला होताच.

"परीक्षित, नको."

"रंग काय लिहिलाय?"

तो सांगलीच्या नाही तरी मिरजेच्या शाळेतला, दर जूनमध्ये चाळीस वह्यांना कव्हरं घालून मोठा झालेला माणूस. त्यानं कडा दुमडल्या, गोलाईला कातरी मारून घड्या बसवल्या, मधल्या भोकाला नेमका गोल कापला, मानेला वेगळी पट्टी लावली. एक सुरकुती नाही. दोन तासांनी त्यानं गिटार उचलून धरली. ती सुंदर तपकिरी दिसत होती आणि वाजवल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात कबुतर फडफडल्यासारखा आवाज येत होता. हात चालूच होता म्हणून त्यानं लेबलही लावलं: चिन्मयी, नर्सरी-बी, विषय: गिटार.

जंगलाच्या फाटकावर खाकी गणवेशातले, भरघोस मिशांचे राणाजी बसले होते. त्यांनी चष्मा लावला, परवाना वाचला, टेपनं मोजलं. "चौंतीस. ठीक." मग रंग. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, गिटारीकडे पाहिलं, परवान्याकडे पाहिलं. "भूरी," राणाजींनी मान्य केलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. मागं अठ्ठावीस मुलं दोनदोनच्या रांगेत उभी होती.

आत सगळं छान होतं. बन्सलांनी पक्षी दाखवायला सुरुवात केली. झुडपातून एक उडाला. "बुलबुल," बन्सल म्हणाले. दुसरा उडाला. "ये भी बुलबुल." मोर आला तेव्हा ते जरा घुटमळले, पण मुलांनीच तो मोर असल्याचं सांगितलं. ऋजुता बघतच राहिली. कथ्थकवाल्या बाईंचा गुडघा नेमका त्या सकाळीच लचकला होता. तिच्या मनात काहीतरी येऊ लागलं होतं, पण तेवढ्यात चिनूनं मुंगी उचलली आणि ते राहून गेलं.

बुलबुल दीड तास चालले. मग डबे. मग ऋजुता मागच्या टाकीवर आठ मुलांचे हात साबणानं धुवायला गेली, कारण तिच्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग होता. ती परतली तेव्हा हिमानी मॅमची हस्तकला संपली होती आणि सेठी मॅडम घड्याळ बघत होत्या. "चिन्मयी की मम्मी, सो सॉरी! गिटार नेक्स्ट टाइम. बस का टाइम हो गया."

ऋजुताला त्या क्षणी सेठी मॅडमना मिठी मारावीशी वाटली. तिनं चेहऱ्यावर होईल तेवढी निराशा आणली, पिशवी पाठीवर टाकली आणि तरंगत फाटकाकडे निघाली. मुलांनी आज कागदाच्या चोची करून रबराच्या दोरीनं तोंडावर बांधल्या होत्या. किती गोड, तिला वाटलं. तपकिरी चोची.

तपकिरी.

"खोलो जी," राणाजी म्हणाले. पिशवी उघडली. आकाशी निळी गिटार उन्हात चमकली.

"मेरी मम्मा के पास ब्राउन पेपर था," चोचीआडून चिनूनं अभिमानानं सांगितलं. "मैंने सबको दिया."

राणाजींनी रजिस्टर पाहिलं, गिटार पाहिली. "भूरी अंदर गयी. नीली बाहर आयी. भूरी कहां है?"

"जी... इनके मुंह पर."

राणाजींनी अठ्ठावीस मुलांकडे पाहिलं. एका चोचीवर 'विषय:' आणि दुसरीवर 'गिटार' असं स्पष्ट दिसत होतं. पण ते सरकारी माणूस होते. चोचींवर रजिस्टर बंद होत नाही. "मॅडम, जंगल में सामान छोड़ना मना है. और जंगल से चीज उठाना भी मना है. आपने दोनों किया. भूरी छोड़ी, नीली उठायी."

"अहो, उठायी नहीं, मेरीच आहे!" ऋजुताचं हिंदी कोसळलं.

"आपकी है तो परवाने में क्यों नहीं है? जो परवाने में नहीं, वो जंगल की. जमा होगी."

बस हॉर्न देत होती. बन्सल म्हणाले की असा निळा रंग त्यांनी कुठल्याच पक्ष्यावर पाहिला नाही, आणि त्याची काहीच मदत झाली नाही. शेवटी सेठी मॅडम पुढे आल्या. "भाईसाब, ये इन्हीं की है. ये तो गिटारिस्ट हैं! फॉर्म में लिखा है." आणि ऋजुताकडे वळून त्या हसल्या. तसंच, अगदी तसंच.

म्हणजे वाचलं होतं.

"अच्छा?" राणाजी खुर्चीत मागे रेलले. "तो बजा के दिखाओ जी. बजी तो आपकी."

ऋजुतानं आजूबाजूला पाहिलं. पळायला पुढे फाटक, मागे जंगल, आणि जंगलात जायचा परवाना संपलेला. आता सांगून टाकावं, तिला वाटलं. मॅडम, क्लास एफला सुटला. पण चिनू चोच वर करून बघत होती आणि तिच्या त्या डोळ्यांत जरासुद्धा शंका नव्हती. ऋजुतानं पट्टा खांद्यावर चढवला.

झाडावर कोण. सी. कागद निघाल्यामुळे आवाज मोकळा, गोड आला. ती स्वतःच दचकली. झाडावर कोण. जी. खार गं. ए मायनर. आणि मग तो आला. पहिलं बोट आडवं. दुसरं. अंगठा कुठं गेला? शुकशुकाट. राणाजींनी पेन उचललं.

आणि चिनूनं टाळ्या वाजवल्या. टप, टप, टप.

शेजारच्या चोचीनं बघितलं आणि तिनंही वाजवल्या. मग सगळ्या चोचींनी. टप, टप, टप. तोवर बोटं बसली, खार! एफ. वाजला! थोडा खरखरीत, पण एफच. पुन्हा झाडावर कोण, आणि चौथ्या जागी मुलं आता वाटच बघत होती. अठ्ठावीस चोची, ड्रायव्हर, लंगडत कथ्थकवाल्या बाई. तिसऱ्या फेरीला राणाजींचं पेनसुद्धा रजिस्टरवर टप, टप, टप.

"व्हॉट अ टेक्नीक!" सेठी मॅडम म्हणाल्या. "बच्चों को कैसे शामिल किया! तेरह साल में ऐसा नहीं देखा."

राणाजींनी गंभीरपणे नोंद केली. ऋजुतानं ती उलट बाजूनं वाचली, मग परवानगी घेऊन तिचा फोटो काढला, आणि तो आजही तिच्या फोनमध्ये आहे: 'भूरी गिटार, वापस, अठ्ठाईस नग, चोंच. नीली गिटार, एक नग. मालकिन बजा लेती है.' खाली सही आणि शिक्का.

बसमध्ये ती ते वाक्य पुनःपुन्हा वाचत राहिली. मालकिन बजा लेती है. आता हे सरकारी रेकॉर्डवर होतं. फॉर्मवरचं निळ्या बॉलपेनमधलं ते एकुलतं एक खोटं, वर्षभर उशिरा का होईना, खरं होऊन शिक्क्यासकट तिच्या हातात आलं होतं.

घरी परीक्षितनं सगळं ऐकून घेतलं, आर्द्रता मोजली आणि कव्हराच्या घड्यांबद्दल कुणी काही म्हणालं का ते विचारलं. तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. शाळेचीच सूचना. आजच्या यशाबद्दल पालकांचे आभार. आता पाळी उरलेल्या वडिलांची. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, पोहण्याच्या तलावावर. मुलांना प्रात्यक्षिक दाखवतील: चिन्मयीचे वडील.

ऋजुतानं फोन खाली ठेवला. "परीक्षित. फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस?"

परीक्षितचा हात तक्त्यावरच थांबला. गेली अकरा वर्षं तो पाण्यावर काम करत होता, पण ते सगळं पाणी जमिनीच्या खाली होतं. जमिनीच्या वरच्या पाण्यात तो घोट्यापर्यंत जातो, आणि तेही चपला हातात घेऊन, काठाला कुणाला तरी धरून.

"म्हणजे त्याचं असं आहे," तो म्हणाला, "की पाणी म्हणजे, आपलं खातंच..."

तोंड उघडं ठेवून तो नुसता उभा राहिला.

त्या शुकशुकाटात चिनूनं टाळ्या वाजवल्या. टप, टप, टप.